हिरवं ठिगळ

खदानवस्ती, छत्रपती संभाजीनगर
१२ जून २०२५

विशाखा,

जय भीम. मी तुझी आजी. केसरबाई. सांडूची माय. तिकडं बेंगळुरात राहून विसरली असशील म्हणून सगळी ओळख सांगून टाकली. तुझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला म्हणे चारशे व्हिडिओंतलं एकेक तोंड ध्यानात राहतं. त्याला एवढंही सांगून ठेव, की फेब्रुवारीत आली तेव्हा विशाखानं आजीला डोळ्याचं औषध पाठवते म्हणून सांगितलं होतं. जून लागला. डोळे तेच आहेत, पाणीही तेच गळतंय.

अक्षर बघून दचकू नको, मी काही या वयात शाळेत गेले नाय. लिहितेय मंजुषा, कडुबाची सून, आपल्या भिंतीला भिंत लागून राहायची ती. भिंती आता नायत, पण शेजार आहे. पत्र्याच्या शेडात तिची खोली आमच्या खोलीला लागूनच मिळाली. तिची दोन महिन्यांची लेक माझ्या मांडीवर आणि तिचा हात कागदावर, असं आमचं ठरलंय. पोरगी रडली की पत्र थांबतं. कुठं तुटक वाटलं तर पोरीनं तोडलं समज.

फोनवर बोलले असते. पण फोन सांडूच्या खिशात असतो, आणि सांडूचा फोन तू घेत नाय. बाप आहे तुझा, असं मी म्हणणार नाय. तुला माहीत आहे. त्यानं सही केली, की तुझा भाऊ अतुल पळताना पाय घसरून खदानीत पडला. तू ताटावरून उठलीस, चप्पल घातली आणि गेलीस. मी मागनं हाक मारली ती भाकरी तरी खाऊन जा म्हणून. आपल्या घरातलं पोरगं गेलं त्या आठवड्यात मला भाकरीचं सुचलं, यावर तू हसली असतीस एरवी. सहीचं एवढंच सांगते, की चौकीत दोन दिवस बसवून ठेवलं होतं त्याला. मढं पाहिजे असेल तर सही कर म्हणाले. मढं मिळालं.

तुझं पाकीट याह्याच्या दुकानात आलं. तोच बिचारा घेऊन आला. मोबाईल दुरुस्त करता करता वस्तीतल्या सगळ्यांच्या फोनातले, वस्ती पाडली त्या मंगळवारचे व्हिडिओ त्यानं कसे गोळा केले आणि तुला पाठवले, ते त्यालाच ठाऊक. आता दुकानात कुणी अनोळखी शिरलं की तो शटरकडं बघतो.

तू विचारलंस, त्या दिवशी अतुलच्या अंगावर काय होतं. नीट सांगते, कारण बुधवारी सकाळी खदानीच्या पाण्यातनं काढला तेव्हा अंगावर शर्ट नव्हता, आणि तो नंतरही कुणी दिला नाय. राखाडी शर्ट. वाळूजला ज्या शेडात पाइप वाहायला जायचा तिथलाच, सगळ्या पोरांना तोच. पाइप उजव्या खांद्यावर घ्यायचा, त्यामुळं खांदा आधी फाटायचा. मी तिथं ठिगळ लावलं होतं. हिरवं. माझं ते पोपटी काठाचं लुगडं होतं ना, तुझ्या बारशाचं, त्याचं.

असं ठिगळ वस्तीत दुसऱ्या कुणाच्या शर्टाला आहे का, हे तू दोनदा विचारलंस. नाय. आणखी कुणाच्या नाय. लिही मंजुषा.

लिहिलं तिनं.

आजी


९ जुलै

विशाखा,

औषध आलं. पाच महिन्यांनी का होईना, डोळ्यांना गार वाटलं. फोटोही आले, कागदावर मोठे छापलेले. बरं केलंस. मला वाचता येत नाय हे तुझ्या ध्यानात आहे, म्हणजे मला पूर्ण विसरलेली नायस.

तुझं कॉम्प्युटर लई कामाचं दिसतंय. प्रत्येक माणसाभोवती चौकट काढलीय, जशी माणसं दारात उभी आहेत. आमची दारं मशीननं पाडली आणि तुझ्या मशीननं ज्याला त्याला एकेक दार देऊन टाकलं. मंजुषा चौकटीखालचं वाचून दाखवत होती. कडुबाच्या शेळीखाली कुत्रा लिहिलंय. कडुबाला सांगितलं तर त्याला राग आला. मेली ती शेळी त्या दिवशी, आणि मेल्यावर पुन्हा कुत्रा म्हणून लिहून ठेवली.

तू लिहिलंस ते मी मंजुषाकडनं तीनदा वाचून घेतलं. चारशे बारा व्हिडिओ, त्यातलं हिरवं ठिगळ शोधायला त्याला शिकवलं, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी ते ठिगळ मशिनींबरोबर आलेल्या त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराशी सापडलं. पोरगा पाठमोरा. दोघांनी दंड धरलेला. स्वतःच्या पायांवर उभा. खाली सत्त्याऐंशी लिहिलंय. म्हणजे मशीनला तो सत्त्याऐंशी टक्के अतुल वाटतोय.

आणि उरलेले तेरा कोण, असं मी मंजुषाला विचारलं. तिला हसू आलं नाय.

व्हय, ठिगळ माझंच आहे. फोटो डोळ्याशी नेऊन लई वेळ बघितला. माझ्या हातचं काम मला कळतं. तुझ्या साहेबांना लिहून पाठव, आजीनं ओळखलं.

सांडूला दाखवला फोटो. त्यानं हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. म्हणाला, म्हणजे गाडीत घातलंच होतं. मी म्हटलं, व्हय. मग तो बाहेर जाऊन बसला आणि त्यानं पायातला बूट काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. पाच महिने त्यानं स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला होता. आता तेवढीही सोय राहिली नाय.

ऑक्टोबरात सुनावणी आहे आणि हा फोटो सगळ्यांच्या पुढं लावणार म्हणतेस. पोरगं पळताना घसरलं की गाडीत घालून नेलं, एवढंच ठरायचंय म्हणतेस. लाव. मोठा करून लाव.

पत्राच्या शेवटी तू सांडूची तब्येत विचारलीस. नाव घेतलं नाय, "घरी सगळे" असं लिहिलंस. तरी मी त्याला सांगितलं, तुला विचारलंय म्हणून.

आजी


१७ ऑगस्ट

विशाखा,

तुझं पत्र चार ओळींचं. कॉम्प्युटरनं लिहिलं का तू?

पाच वाजून दहा मिनिटांनीच दुसऱ्या एका व्हिडिओत तेच हिरवं ठिगळ नळावर दिसलं म्हणतेस. गाडी वस्तीच्या या टोकाला, नळ त्या टोकाला. एकच पोरगा एकाच मिनिटाला दोन्हीकडं कसा, असं तुझे साहेब विचारतात.

अतुलचं काय सांगावं. लहानपणी तो एकाच वेळी शाळेत हजर असायचा आणि तळ्यात पोहत असायचा. मास्तरांच्या हजेरीत एक, माझ्या डोळ्यांपुढं एक. तसंच काही असेल. नायतर तुझं मशीन थकलं असेल. ज्याला शेळी कळत नाय त्याच्या शब्दावर मी माझा नातू का मोजू?

नळावर कोण कशाला जाईल, समोर मशिनी घरं पाडत असताना, असंही तू विचारलंस. तुला तिकडं चोवीस तास पाणी येतं वाटतं. मंगळवार होता. पाण्याचा दिवस. आठ दिवसांनी येतं, पाचला येतं आणि पावणेसहाला जातं. तेवढ्या वेळात भरलं नाय तर पुढचा मंगळवार. अर्धी वस्ती नळावर होती, बाई. भांडी डोक्यावर घेऊन बायका आपली पडलेली घरं बघत होत्या. घर पडलं तरी तहान लागते.

फोटो एवढासा, कोण आहे ते मला दिसत नाय. मोठा करून पाठव म्हणजे सांगते.

आज पत्र लहान आहे. मंजुषाला घरी काम आहे म्हणते.

आजी


२१ सप्टेंबर

विशाखा,

मागच्या पत्रानंतर मंजुषा नऊ दिवस माझ्याकडं आली नाय. भिंतीपलीकडनं पोरीचं रडणं ऐकू यायचं. तुझे मोठे केलेले फोटो आले ते याह्याच्या हातून आले, आणि तुझं पत्रही त्यानंच वाचून दाखवलं. त्याच्याकडनं उत्तर लिहून घ्यावं असं एकदा वाटलं. घेतलं नाय. हे पत्र मंजुषाच्याच अक्षरात जायला पाहिजे. तिला मी विचारलं, लिहिशील का. काय लिहायचंय ते तिला न सांगता कळलं. तिनं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली, वही घेतली आणि खाली बसली. तेव्हा तू वाचशील ते तिनं ऐकून लिहिलंय.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी याह्याकडनं दोनदा वाचून घेतलं. तू लिहिलंस, आमच्या यादीत अतुलसारखी आणखी चौदा घरं आहेत, आणि एका फोटोत आम्ही खोटे निघालो तर समोरचे वकील बाकी चौदाही खोटे ठरवतील. माझ्या एका घरापुरतं असतं तर मी मरेपर्यंत खोटं बोलले असते, विशाखा. आणि चांगलं बोलले असते. मला येतं. पण बाकीच्या चौदा आज्यांनी माझं काय वाईट केलंय?

गाडीजवळचा पोरगा अतुल नाय.

ठिगळ माझंच आहे, हे खरं बोलले होते. पण माझं हिरवं लुगडं मोठं होतं. गल्लीतल्या सहा पोरांच्या खांद्याला ते आहे. सगळी त्याच शेडात जायची, सगळ्यांचे पाइप उजव्या खांद्यावर, सगळ्यांचे शर्ट एकाच जागी फाटायचे. कुणी शर्ट आणून टाकला की मी शिवून द्यायची. वस्तीतल्या पोरांना माझ्या लुगड्यावरनं ओळखायचं म्हटलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तू विचारलंस तेव्हा मात्र मी नाय म्हटलं. दुसरी ठिगळं आहेत म्हटलं असतं, तर तुझ्या मशीनला शोधायला खूणच राहिली नसती. माझा अतुल त्या चारशे व्हिडिओंत कुणाला सापडलाच नसता. म्हणून नाय म्हटलं. मंजुषाचा हात तेव्हा थांबला होता. तिच्या घरातल्या शर्टावरही तेच ठिगळ आहे, तिनं स्वतः धुतलेलं. मी म्हटलं लिही, तिनं लिहिलं. दोघींनी मिळून खोटं बोललो. मी कशासाठी ते सांगितलं. ती कशासाठी ते पुढं येईल.

फोटो बघितला त्याच दिवशी मला कळलं. तुझ्या औषधानं डोळ्यांचं पाणी थांबलं आणि जे दिसायला नको ते दिसलं. अतुलच्या ठिगळाचे कोपरे मी गोल कापते. कापायचे. लहानपणी एकदा शाळेच्या शर्टाला चौकोनी लावलं तर कोपरा मानेला टोचतो म्हणून दिवसभर मान वाकडी करून फिरला. तेव्हापासनं त्याचे गोल. बाकी पोरांना कुठं एवढं, त्यांचे चौकोनी. गाडीजवळच्या पोराचं ठिगळ चौकोनी आहे. चारी कोपरे लख्ख दिसतात. मशीननं रंग बघितला, जागा बघितली, कोपरे बघितले नायत. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

नळावरचा गोल आहे.

नळावरचा अतुल आहे. हंड्यावर वाकलेला.

गाडीजवळचा शिवराज आहे. कडुबाचा पोरगा. मंजुषाचा नवरा.

इथं ती थांबलीय. थांबू दे. पोरगी झोपलीय, मला घाई नाय.

शिवराज त्या संध्याकाळी सहाला घरी परत आला होता, हे वस्तीत कुणाच्या ध्यानात आलं नाय. ज्याचं घर पडतंय तो दुसऱ्याचं कोण मोजतो? मागच्या रविवारी मंजुषाच त्याला माझ्याकडं घेऊन आली. आत आला नाय. दारात उकिडवा बसला, जमिनीकडं बघत. म्हणाला, गाडीत घालताना त्यांनी विचारलं, तो व्हिडिओ काढणारा कुठंय. एकानं त्याच्या पोटात कोपर मारलं. त्याला दिसली ती मंजुषा, सात महिन्यांचं पोट घेऊन पडलेल्या भिंतीशी उभी.

"मी म्हटलं, आजी, आज पाणी आहे. नळावर असंल."

एवढंच बोलला तो. त्याला लगेच खाली उतरवलं आणि गाडी वळवली. नळावरच्या बायकांनी गाडी बघितली तेव्हा त्या भांडी टाकून पळाल्या. त्यामुळं पुढचं कुणाच्या फोनात नाय. तुझ्या चारशे बारांत नाय, चार हजार आणलेस तरी नसेल.

मी त्याला विचारलं, सुनावणीला येऊन सांगशील का. त्यानं मान हलवली. नाय म्हणून. मग तो म्हणाला, सांगितलं तर मला मारतील, नाय सांगितलं तर मी असाच. मी त्याला हाकललं नाय. चहाही दिला नाय. बसून राहिला आणि मग उठून गेला. आता वाळूजलाच कुठंतरी राहतो म्हणे, शनिवारी येतो. मंजुषा म्हणते, आला की पोरीला घेत नाय, लांबनं बघतो.

त्याचं नाव तुझ्या कागदात घालायचं की नाय, ते तू ठरव. मी अडवत नाय. मंजुषाला विचारलं, तर नाव लिहिलं तिनंच. त्याच्याशिवाय साक्षीदार नाय आणि तो बोलणार नाय. म्हणजे नाव घालून हाती काही लागायचं नाय, गाडीवाल्यांचं कोपर तेवढं पुन्हा त्याच्या पोटापर्यंत पोचेल.

आता एक राहिलं. तू मला ऑगस्टात विचारलं होतंस, नळावर कोण कशाला जाईल. मी तुला आठ दिवसांच्या पाण्याची गोष्ट ऐकवली. ती खरी आहे. अर्धीच आहे.

पाचच्या सुमाराला अतुल धावत घरी आला होता. फोन हातात. त्यात त्यानं सगळं घेतलं होतं, कुणी कुणाला मारलं, गाडीचा नंबर, सगळं. घाम नुसता. म्हणाला, आजी, मी याह्याच्या दुकानात जाऊन हे ठेवून येतो. याह्याचं दुकान रस्त्यापलीकडं, पाच मिनिटांवर. तिकडं गेला असता तर शिवराजचा शब्द खोटा पडला असता. नळावर कुणी सापडलं नसतं.

मी म्हटलं, आधी हंडा भर. पाणी जाईल.

त्यानं फोन खिशात घातला आणि हंडा उचलला. मी सांगितलं म्हणून तो गेला.

तुझ्या बापानं सही केली म्हणून तू सात महिने त्याच्याशी बोलली नायस. आता हे वाचून झाल्यावर बघ, अबोला नक्की कुणाशी धरायचा. आम्ही दोघं एकाच खोलीत राहतो, पत्ता बदलायला नको.

अतुलचं पान तुझ्या अहवालातनं काढून टाक. चौदाच ठेव. चौदा धडपणी उभी राहिली तरी लई झालं. सांडूला मी अजून सांगितलेलं नाय. त्याला पुन्हा सहीवर विश्वास ठेवावा लागेल, आणि या खेपेला तो जमवेल असं मला वाटत नाय.

नळावरचा फोटो तुमच्या उपयोगाचा नाय, असं तू लिहिशील. बरोबर आहे. त्यात कुणी कुणाला मारत नाय, कुणी कुणाला नेत नाय. एक पोरगा पाणी भरतोय. त्याच्याभोवती मशीननं काढलेली चौकट आहे आणि खाली एकोणचाळीस लिहिलंय. एकोणचाळीसच टक्के. खरा अतुल त्याला एवढाच ओळखू आला. तो फोटो मला आणखी मोठा करून पाठव. चौकट पुसता आली तर पूस, नाय आली तर राहू दे.

हंडा मिळाला. भरलेला होता. आठवडाभर आम्ही तेच पाणी प्यायलो, कारण पुढचं पाणी पुढच्या मंगळवारी होतं.

डोळ्याचं औषध आता पाठवू नको. दिसतंय तेवढं पुरे. पाठवायचंच असेल तर तू मागं एकदा आणली होतीस ती तिकडची तुपातली बिस्किटं पाठव, पिवळ्या डब्यातली, तोंडात ठेवली की विरघळायची. दोन डबे पाठव. एक आपल्या घरात, एक मंजुषाच्या पोरीला. अतुलच्या वाट्याचीही तिलाच देईन. कडक काही पाठवू नको, तिला दात यायचेत आणि माझे गेलेत. दुधात बुडवून दोघी खाऊ.

आजी